कॅमकॉर्डरच्या रेकॉर्डिंगमध्ये कॅमेऱ्याचीच घरघर येते, ती कशी घालवावी?

जुन्या मिनीडीव्हीवर (छोट्या टेपच्या डिजिटल कॅमकॉर्डरवर) मुलाखत घेताना बोलणारा थांबला की घरघर वाढते, असं तुम्ही लिहिलंय. दुखणं तिथेच आहे. कॅमेऱ्यातली मोटर तेवढीच वाजत असते, पण शांतता झाली की कॅमेऱ्याचा ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय, सगळाच आवाज वर ओढतो. मेन्यूत मॅन्युअल लेव्हल मिळत असेल तर ती घ्या आणि बोलण्याची शिखरं, म्हणजे सगळ्यात मोठे आवाज, मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. तिथेच ऑडिओ १२ बिटवर असेल तर १६ बिट करा.

मग घरघर शिरते कुठून ते बघा. वायर न जोडलेली ३.५ मिमीची नुसती पिन माइकच्या जॅकमध्ये घाला आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. बहुतेक कॅमकॉर्डरमध्ये पिन घातली की आतला माइक बंद होतो. घरघर गेली, तर ती बॉडीतून माइकपर्यंत पोचत होती. राहिलीच, तर अडॅप्टर काढून बॅटरीवर चालवा. ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण असेल तर तिथे थांबते. उघड्या पिनेची थोडी सळसळ येणारच, ती सोडून द्या.

बॉडीतून येत असेल तर बाहेरचा माइक हाच खरा इलाज. पण कॅमेऱ्याच्या शूवर (वरच्या खाचेत) घट्ट बसवलेला शॉटगनही (एकाच दिशेचा आवाज घेणारा लांब माइक) कंप पकडतो. त्याला कंप शोषणारा रबरी शॉक माउंट हवा. मुलाखतीला मी कॉलर माइकच सुचवेन, हनुवटीखाली वीतभर अंतरावर. माइक दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला तरी बोलणं सुमारे १२ डेसिबलने वर येतं आणि मोटर आपसूक मागे पडते.

झालेल्या रेकॉर्डिंगचं काय? मिनीडीव्हीचा हेड ड्रम (टेप वाचणारा-लिहिणारा फिरता दंडगोल) मिनिटाला ९००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला १५०. त्यामुळे घरघर १५०, ३००, ४५० हर्ट्झवर बसलेली असते. ८० हर्ट्झचा हायपास (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) तिला शिवतही नाही. ऑडॅसिटी या मोफत ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये नॉच फिल्टर (एकच ठरावीक फ्रीक्वेन्सी कापणारा) घेऊन या तीन जागा अरुंद कापा, क्यू ३० च्या आसपास (क्यू जितका मोठा तितकी काप अरुंद). रुंद कापलंत तर पुरुषी आवाज पोकळ होतो. उरलेल्यासाठी नॉइज रिडक्शन, ६ ते ९ डेसिबल, त्याहून जास्त नको. नाहीतर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. नॉइज रिडक्शनला घरघरीचा नमुना द्यावा लागतो, तो दोन शब्दांमधल्या फटीतून घ्या. लांब शांततेत ऑटो गेनने घरघर फुगवलेली असते, तो नमुना बोलण्याला लागू पडत नाही. त्या शांततेच्या जागांचा आवाज हाताने खाली ओढावा लागतो.