सेक्शन २६ भरण्याआधी

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. संरक्षण खात्याचं काम करणाऱ्या कंपनीची ऑफर आल्याचा आनंद एका ओळीत, आणि क्रेडिट कार्डाच्या थकबाकीची धास्ती चार परिच्छेदांत! मग थकबाकीचंच बोलू.

कर्ज आहे म्हणून सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी, मिळत नाही, हे आधी डोक्यातून काढ. वेळेवर हप्ते जाणारं स्टुडंट लोन किंवा गाडीचं कर्ज इथे अमेरिकेत कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या, २०१७ पासून लागू असलेल्या १३ निकषांतला ‘एफ’ पैशांचा आहे. देणं थकल्यावर माणूस कसा वागला, यावर त्यात भर असतो. सरकारची काळजी अगदीच फुकाची नाही म्हणा. सीआयएच्या ऑल्ड्रिच एम्सने १९८५ मध्ये सोव्हिएतांना गुपितं विकायला सुरुवात केली, तेव्हा तो कर्जाने गांजलेला होता.

क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-८६ फॉर्ममधला सेक्शन २६ नीट वाच. गेल्या ७ वर्षांत एखादं देणं १२० दिवसांहून जास्त थकलं का, कलेक्शनला, म्हणजे वसुली एजन्सीकडे, गेलं का, कर भरायचा राहिला का, हे विचारतात. ‘हो’ म्हटलंस की प्रत्येक खात्याची माहिती मागतात: देणं कुणाचं, रक्कम किती, कधी आणि का थकलं, आज काय स्थिती, तू काय केलंस. त्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आजपासून कामाला लाग. इक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन या तीन क्रेडिट ब्युरोंचे तुझ्या कर्जांची नोंद असलेले रिपोर्ट फुकट मिळतात. ते समोर ठेवूनच फॉर्म भर.

‘सात वर्षं गप्प बस, रिपोर्टवरून आपोआप उतरेल’ हा तुझ्या मैत्रिणीचा सल्ला क्रेडिट स्कोअरपुरता ठीक. क्लिअरन्सच्या अपिलांत मात्र रिपोर्टवरून उतरलेलं देणं फिटलेलं धरत नाहीत. महिन्याला पन्नास डॉलरचा का होईना, ठरवून घेतलेला हप्ता आणि त्याच्या पावत्या यांना वजन आहे. नोकरी जाणं, दवाखान्याचं बिल, घटस्फोट ही कारणं ते समजून घेतात, पण नंतर हातपाय हलवलेस का, हेही विचारतातच. तुझी नोकरी गेल्याचं पत्र शोधून ठेव. आणि ‘कर्ज अर्ध्यात मिटवून देतो’वाल्या जाहिरातींच्या नादी लागू नकोस; सल्ला हवाच असेल तर ना-नफा क्रेडिट काउन्सेलिंग संस्थेकडे जा.

लपवायचं मात्र काहीच नाही. फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय मग प्रश्न ‘एफ’चा न राहता वर्तणुकीच्या ‘ई’ निकषाचा होतो, आणि तिथून सुटणं जास्त अवघड.

आत्याकडून पैसे आणून कार्ड फेडायचा बेत मला पटला नाही. ती भारताची नागरिक. कार्डाचं देणं फिटेल, पण परदेशी नागरिकाच्या पैशांत तू अडकलीस, म्हणून परदेशी प्रभावाच्या ‘बी’ निकषाखाली नवी चौकशी सुरू होऊ शकते. पुण्याच्या बँकेतलं तुझ्या नावाचं खातं वेगळ्या सेक्शनमध्ये लिहावं लागतं. शिल्लक कितीही असो, सोडू नकोस.

सोमवारी कार्ड कंपनीला फोन कर. हप्ता ठरला की तो लेखी मागून घे, आणि पहिला भरलास की पावती मला पाठव.

तुझा,
मामा