किडनीतली गाठ किती सेंटीमीटरची?

प्रश्न : पित्ताशयातल्या खड्यासाठी सोनोग्राफी केली, तर उजव्या किडनीत २.८ सेंमीची गाठ निघाली. वय ७१, बायपास झालेली आहे. मुलगा म्हणतो, लगेच काढून टाका.

मुलाची धास्ती समजते, पण घाई नको. आधी क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी करा. नुसत्या सोनोग्राफीवर निर्णय घेऊ नये. ४ सेंमीपर्यंतच्या भरीव गाठींपैकी साधारण पाचातली एक कॅन्सरची नसतेच. मेयो क्लिनिकने २००३ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे २,९०० गाठींचा हिशेब मांडला होता. १ सेंमीहून लहान गाठींपैकी ४६ टक्के साध्या निघाल्या, ७ सेंमी आणि त्यापुढच्यांत जेमतेम ६ टक्के. शिवाय लहान गाठ कॅन्सरची असली तरी बहुधा सौम्य जातीची असते आणि वर्षाला सरासरी दोन-तीन मिलिमीटरच वाढते. तुमच्या वयात, अशा हृदयाला भूल देण्याआधी बायोप्सीचा, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, विचार व्हावा. नाहीतर दर काही महिन्यांनी स्कॅन करून लक्ष ठेवणे हाही उपचारच आहे, हे मुलाला सांगा.

प्रश्न : वडिलांची गाठ सीटीत ६.२ सेंमी होती, पॅथॉलॉजी रिपोर्टात ५.६. तरी स्टेज वाढून 'टी३ए' झाली. आधी 'टी१बी' सांगितले होते. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. किडनी बाहेर काढली की गाठीतले रक्त निथळते, फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रावणात) ऊतक थोडे आक्रसते. पाच-सहा मिलिमीटरचा फरक आम्हाला रोजचा आहे.

स्टेजचे, म्हणजे कॅन्सर किती पसरला याचे, मात्र नीट समजून घ्या. गाठ किडनीतच असेल तर ४ सेंमीपर्यंत टी१ए, ७ पर्यंत टी१बी, त्यापुढे टी२. (१९९७ पूर्वी टी१ची हद्द अवघी २.५ सेंमी होती. म्हणजे हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत.) पण गाठ भोवतालच्या चरबीत किंवा किडनीच्या शिरेत शिरली असेल, तर ती लहान असली तरी टी३ए. असा सूक्ष्म शिरकाव सीटीत अनेकदा दिसत नाही, तो सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. तुम्ही सेंटीमीटर धरून बसलात. त्याच रिपोर्टातली पेशींची जात आणि १ ते ४ मधली ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात ते) वाचून दाखवायला सांगा. पुढचा फॉलोअप त्यावर ठरतो.

प्रश्न : गाठ ५ सेंमीची. एक सर्जन पूर्ण किडनी काढा म्हणतात, दुसरे फक्त गाठ. मला मधुमेह आहे.

दोघांनाही विचारा, गाठ नेमकी कुठे आहे. बाहेर डोकावणारी ५ सेंमीची गाठ काढणे सोपे. मधोमध रक्तवाहिन्यांना चिकटलेली ३ सेंमीची घाम फोडते. गाठ काढताना रक्तपुरवठा बहुतेकदा क्लॅम्पने थांबवावा लागतो. तो २५-३० मिनिटांपलीकडे लांबला तर उरलेली किडनी दुखावते. ५ सेंमीपर्यंतच्या गाठींवरच्या एका युरोपीय चाचणीत किडनी वाचवलेल्यांचे क्रिएटिनिन चांगले राहिले, रक्तस्राव थोडा जास्त झाला, आयुष्य मात्र वाढले नाही. तरीही मधुमेही माणसाची किडनी मी सहजासहजी काढणार नाही. दुसऱ्या सर्जननी अशा किती शस्त्रक्रिया केल्यात, हे विचारायला संकोचू नका.

प्रश्न : पत्नीच्या किडनीत ३ सेंमीची 'अँजिओमायोलिपोमा' आहे. हा कॅन्सर का?

नाही. ही रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबीची साधी गाठ असते. सीटीत गाठीतली चरबी स्पष्ट दिसली असेल, तर बायोप्सीचीही गरज नाही. धोका रक्तस्रावाचा, ४ सेंमीनंतर तो वाढतो, गरोदरपणात जास्तच. मूल हवे असेल, तर दिवस राहण्याआधी एकदा यूरोलॉजिस्टना भेटा.