आयव्हीएफ झालं, आता बाळंतपणाचं बघू

चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद.

सातवा लागला म्हणतेस. मग डोहाळजेवणाची साडी ठरवायच्या आधी फाईल उघड आणि तारीख तपास. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला असेल तर त्या दिवसापासून, म्हणजे ट्रान्सफरच्या दिवसापासून, २६१ दिवस मोजायचे, तीन दिवसांचा असेल तर २६३. तुझी ट्रान्सफर १ नोव्हेंबरची, गर्भ पाच दिवसांचा, म्हणून तारीख २० जुलै. पण सोनोग्राफीच्या फॉर्मवर शेवटची पाळी विचारतात आणि तू ६ ऑक्टोबर लिहितेस. त्या हिशेबाने १३ जुलै येते. गर्भाशयाचं अस्तर जाड व्हावं म्हणून ट्रान्सफरआधी गोळ्या आठवडाभर जास्त चालल्या होत्या, त्याचा हा फरक. एवढ्यावरून रिपोर्टात बाळाची वाढ मागे दिसते आणि शेवटी ‘दिवस उलटले’ म्हणून कळा आणायची घाई होते. यापुढे प्रत्येक फॉर्मवर पाळीच्या जागी ट्रान्सफरची तारीख आणि ‘पाच दिवसांचा गर्भ’ एवढं लिही.

आयव्हीएफ म्हणजे सिझेरियनच, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यात डॉक्टरही असतील. पण आयव्हीएफ हे एकटं सिझेरियनचं कारण होत नाही. वार (प्लॅसेंटा) खाली असणं, बाळ आडवं असणं, बीपी हाताबाहेर जाणं, पूर्वी गर्भाशयावर मोठं ऑपरेशन झालेलं असणं, ही कारणं. डॉक्टरांना सरळ विचार: दिवस आपोआप राहिले असते तर तुम्ही काय केलं असतं? उत्तर वेगळं आलं, तर का वेगळं, तेही विचार. सिझेरियन ठरलंच आणि दुसरी अडचण नसेल, तर ३९ आठवडे भरू द्यावेत. त्याआधी काढलेल्या बाळाच्या फुप्फुसातलं पाणी लवकर ओसरत नाही, बाळ धापा टाकतं आणि काचेच्या पेटीत जातं. तुझे ३९ आठवडे १३ जुलैला भरतात. सासूबाईंनी पंचांग काढलं तर मुहूर्त त्यापुढचाच बघायला सांग.

खरी जास्त काळजी घ्यायची ती वारेची आणि बीपीची. आयव्हीएफमध्ये वार खाली राहण्याचं, नाळ वारेच्या मधोमध न चिकटता कडेला चिकटण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं. पाचव्या महिन्याच्या रिपोर्टात नाळ कुठे चिकटली आहे ते लिहिलंय का बघ. नसेल तर विचार. वार खाली असेल तर ३२ आठवड्यांना आतून सोनोग्राफी करून पुन्हा बघतात. न दुखता रक्त गेलं, थोडं का असेना, तर थेट हॉस्पिटल.

बीपीचं कारण जरा समजून घे. तुझ्यासारखं गोळ्यांनी अस्तर तयार केलं की त्या सायकलमध्ये बीज फुटत नाही, त्यामुळे अंडाशयात कॉर्पस ल्युटियम, म्हणजे बीज फुटल्यावर मागे राहणारी गाठ, नसतं. त्यातून येणारी संप्रेरकं आईच्या रक्तवाहिन्या सैल ठेवायला हातभार लावतात असं मानतात. ती नसल्यामुळे अशा गरोदरपणात बीपी चढायचा धोका वाढलेला दिसतो. दंडाचं मशीन घे, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसायचं आणि मग मोजायचं. दोनदा १४०/९० किंवा वर आलं तर त्याच दिवशी फोन. १६०/११० आलं, किंवा डोकं ठणकतंय, नजरेपुढे चमकतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, तर फोनवर वेळ घालवू नकोस, निघ. डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर ती मनाने बंद करायची नाही. पोटात हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारी) इंजेक्शनं चालू असतील तर शेवटचं किती वाजता घेतलं ते फाईलवर लिहीत जा. छोट्या डोसनंतर १२ तास आणि मोठ्यानंतर २४ तास गेल्याशिवाय भूलतज्ज्ञ पाठीत सुई देत नाहीत. कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं, की पुढचं इंजेक्शन न घेता आधी हॉस्पिटलला कळवायचं.

अठ्ठावीस आठवड्यांपासून बाळाच्या हालचालींकडे लक्ष. कमी वाटल्या तर डाव्या कुशीवर पडून मोज; दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर त्याच रात्री तपासणी. साखरपाणी पिऊन सकाळची वाट बघत बसू नये.

तू भांडुपला, हॉस्पिटल परळला आणि महिना जुलैचा. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की लोकल कुर्ला-शीवमध्ये थांबते, गाडी एलबीएस रस्त्यावर अडकते, आणि पुढे पाणी तुंबणारं हिंदमाता आहेच. भरतीच्या वेळा महापालिका आधी जाहीर करते. त्या फ्रिजवर चिकटव. दादर-परळला जवळचं कोणी असेल तर २९ जूनला, ३७ आठवडे भरले की, तिकडे मुक्काम हलव. नाहीतर भांडुप-मुलुंडमध्येच रक्तपेढी आणि नवजात अतिदक्षता विभाग हाताशी असलेलं दुसरं हॉस्पिटल आत्ताच ठरव, फाईलची झेरॉक्स तिथे देऊन ठेव. रुग्णवाहिकेचा नंबर १०८.

‘औषधांनी राहिलेल्या बाईला दूध येत नाही’ हे डोक्यातून काढ. बाळ पहिल्या तासात छातीशी हवं. सुरुवातीचा चीक चमचाभरच असतो, तेवढा पुरतो. भरपूर दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, सिझेरियननंतर एखादा दिवस उशिरा. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा लंगोट ओले झाले की पोटात जातंय म्हणून समज. गुटी सहा महिने नको, मध वर्षभर नको. बाळ लवकर आलं आणि अंगावर पिऊ शकलं नाही तर डॉक्टरांना दुग्धपेढीबद्दल विचार. शीवच्या हॉस्पिटलात ती १९८९ पासून आहे.

बीपी बाळंतपणानंतरही चढतं, म्हणून मशीन सहा आठवडे हाताशी ठेव. आणि तुझं रडू दोन आठवड्यांपुढे थांबलं नाही तर सांग. इतक्या वाटेनं आलेलं बाळ कुशीत असताना रडायचं कसं, या लाजेपायी बायका गप्प राहतात आणि आजार वाढतो.

उपचारांनी मूल झालेल्यांना पुढचे दिवस आपोआप राहिल्याचीही उदाहरणं असतात, तेव्हा घरी जाण्यापूर्वी पाळणा लांबवण्याचं डॉक्टरांशी बोलून घ्या. क्लिनिकमध्ये किती गर्भ गोठवून शिल्लक आहेत आणि त्यांची फी कधी भरायची तेही लिहून घे. कायद्याने ते १० वर्षांपर्यंत ठेवता येतात.

कळावे.