तार शोधू नकोस, खांब शोध

प्रिय पोरी,

पत्र मिळालं. हवा स्वच्छ होती, डोळ्यांची तपासणीही उत्तम, तरी फोर्स्ड लँडिंगच्या, म्हणजे इंजिन बंद पडलं तर शेतात उतरण्याच्या, सरावात शेताच्या कडेची तार शिक्षकांनी दाखवेपर्यंत तुला दिसली नाही. आता तुला स्वतःच्या नजरेचीच शंका येतेय. नजरेत खोट नाही. तू चुकीची वस्तू शोधत होतीस.

तार शोधायचीच नाही, खांब शोधायचा. जुन्या तारेची चकाकी जाते, ती करडी पडून मागच्या झाडीत मिसळते. आभाळावर दिसली तरी किती लांब आहे ते कळत नाही, कारण नुसत्या बारीक रेषेवरून डोळ्याला अंतर जोखता येत नाही. 90 नॉट वेग म्हणजे सेकंदाला 46 मीटर. वस्तू दिसून, ओळखून, निर्णय होऊन विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत अमेरिकेचं विमान प्रशासन 12.5 सेकंद धरतं. तेवढ्यात तू 575 मीटर पुढे गेलेली असतेस. इतक्या लांबून तार दिसेल? खांब दिसतो.

शेत निवडतानाच, उंची हातात असताना, खांब मोज. रस्त्याच्या कडेला ओळ असणारच असं धरून चाल. शेतात एकटं घर असेल तर त्याच्याकडे वीज कुठून तरी जातेच. कुठून, ते सापडेपर्यंत ते शेत तुझं नाही. खांबावरच्या आडव्या पट्टीच्या काटकोनात तार धावते. खांबाला आधाराची तिरकी ताणतार दिसली तर तिथे ओळ वळते किंवा संपते. दरीत दोन्ही उतारांवर बघ. खांब झाडीत लपला असेल तर जंगलातून सरळ कापत गेलेला मोकळा पट्टा त्याची चुगली करतो.

ओळ ओलांडायची तर मनोऱ्याच्या डोक्यावरूनच. मधल्या जाड तारा बघून थोडं वर उचललं की सुटलो, असं वाटतं आणि घात होतो. त्यांच्याही वर, मनोऱ्याच्या टोकाला, आभाळातल्या विजेपासून संरक्षणासाठी एक बारीक तार असते. तुला ती दिसणार नाही. मनोरा खाली गेला की तीही खाली गेली. उंच प्रक्षेपण मनोऱ्यांच्या ताणतारा मात्र बाजूला दूरवर पसरतात. त्यांच्यापासून 2,000 फूट लांब राहा.

हे सारखं सारखं काय सांगता, असं तू म्हणशील. म्हण. ऑस्ट्रेलियात फवारणीची विमानं तारांना धडकण्याच्या अपघातांचा अभ्यास झाला. निम्म्याहून जास्त वैमानिकांना ती तार आधीच माहीत होती! माहीत असणं पुरत नाही. कामाच्या गडबडीत तार मनातून निसटते, म्हणून प्रत्येक फेरीला खांब मोठ्याने उच्चारायचे. सरावात माझा हाच हट्ट मुलांना जाचतो. जाचू दे. मी तो सैल करणार नाही.

धुक्यात आणि अंधारात खांबही दिसत नाही, हे कबूल. नोव्हेंबर 2022 मध्ये मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गजवळ एक छोटं मूनी विमान असंच विजेच्या मनोऱ्यात शिरलं. जमिनीपासून सुमारे 100 फुटांवर दोघं जण कित्येक तास लटकून होते, सुदैवाने वाचले. अशा वेळी अप्रोचच्या, म्हणजे विमानतळाकडे उतरत येण्याच्या, नकाशावर छापलेली किमान उंची हाच तुझा खांब. धावपट्टी दिसेपर्यंत तिच्याखाली एक फूटही नाही.

तार अगदी समोर उगवलीच तर विमानाचं नाक उचलणारी कांडी जीव खाऊन ओढू नकोस. कमी वेगात तारेऐवजी स्टॉल गाठशील, म्हणजे पंखांची उचल जाऊन विमान खाली पडेल. तारांत अडकून जमिनीवर आलीस तर, आग नसेल तोवर, वीज बंद झाल्याची खात्री वीज कंपनीचा माणूस देईपर्यंत विमानातच बसून राहा. आग असेल तर विमान आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पाय जुळवून उडी मार आणि पावलं न उचलता, जमिनीला घासत लांब जा.

पुढच्या सरावाआधी त्या शेताभोवतीचा प्रत्येक खांब कागदावर काढून मला पाठव. तारा काढू नकोस. कुठल्या खांबातून कुठल्या खांबाकडे त्या जातात, ते तू मला फोनवर सांगायचंस.