वाचकांचे प्रश्न (१९९९) : वायटूकेचं स्टिकर कशावर हवं?

प्रश्न : स्टॅबिलायझर घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, 'वायटूके कम्प्लायंट' (साल २००० साठी तयार) स्टिकरवालाच घ्या, थोडा महाग पडेल. घरात जुना ४८६ कॉम्प्युटर आणि व्हीसीआरही आहे. १ जानेवारी २००० ला हे सगळं बंद पडणार का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : त्या स्टिकरपायी एक पैसाही जास्त देऊ नका. वायटूकेची अडचण एवढीच, की साल दोनच आकड्यांत ठेवणारी यंत्रं '००' ला १९०० समजू शकतात. स्टॅबिलायझरमध्ये ट्रान्सफॉर्मर, रिले आणि व्होल्टेज पाहणारं छोटं सर्किट असतं. तारखेशी त्याचा काहीच संबंध नाही. मॉनिटर, माउस, स्पीकर, इस्त्री यांचंही तेच. अशा वस्तूंवर स्टिकर लावणं आम्हाला चुकीचं वाटतं, कारण ते पाहून लोकांना नसलेला धोका खरा वाटू लागतो. दुकानदाराला एवढंच विचारा, 'यात साल कुठे दिसतं?'

कॉम्प्युटर मात्र तपासाच. त्याच्या घड्याळाची चिप सालाचे शेवटचे दोनच आकडे पुढे सरकवते. आधीचा '१९' वेगळा साठवलेला असतो आणि तो बदलायचं काम बायोसचं (मशीनच्या चिपमधला, ते सुरू करणारा मूळ प्रोग्राम). जुन्या बायोसला ते जमत नाही. मग साल १९०० होतं, आणि डॉसला (मशीन चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) १९८० पूर्वीची तारीख चालत नसल्याने पडद्यावर बहुधा ४ जानेवारी १९८० दिसते.

आधी डेटाचा बॅकअप घ्या. मशीन डॉसच्या सिस्टिम फ्लॉपीवरूनच चालू करा, कारण हार्डडिस्कवरची मुदतबंद सॉफ्टवेअरं पुढची तारीख पाहून कायमची अडू शकतात. डेट कमांडने १२-३१-१९९९ द्या (महिना आधी), टाइमने २३:५८, आणि मशीन बंद करा. पाच मिनिटांनी त्याच फ्लॉपीवरून चालू करून तारीख पाहा. मग हेच मशीन चालू ठेवूनही करा, कारण दोन्हींचे निकाल वेगळे येऊ शकतात. २८ फेब्रुवारी २००० नंतर २९ येते का, हेही बघा. २००० ला ४०० ने भाग जातो, म्हणून ते लीप वर्ष आहे. शेवटी आजची तारीख परत घाला.

नापास झालं तरी नवं मशीन लागत नाही. बऱ्याच मशीनना १ जानेवारीला तारीख एकदा हाताने घातली की पुरतं. दर वेळी मागे जात असेल, तर मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये डेट कमांड टाका, म्हणजे चालू करताना तारीख विचारली जाईल.

व्हीसीआरची कॅसेट कशीही चालेल. अडेल तो रेकॉर्डिंगचा टायमर. साल २००० घेत नसेल तर १९७२ लावून पाहा. त्याचे वार आणि तारखा २००० सारख्याच आहेत.

प्रश्न : दुकानाची उधारी फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आहे. सगळं नव्याने लिहून घ्यावं का?
— एक व्यापारी, सियागंज, इंदूर

उत्तर : नको. डीबीएफच्या (फॉक्सप्रोच्या डेटा फाइलच्या) तारखेच्या फील्डमध्ये साल चार आकडीच साठतं, त्यामुळे जुन्या नोंदी शाबूत आहेत. घोटाळा एन्ट्रीत होतो : १५/०४/०० टाकलं की ते १९०० धरलं जातं आणि उधारीचे दिवस उणे येतात. प्रोग्रामच्या सुरुवातीला 'सेट सेंच्युरी ऑन' घालायला सांगा. त्याने साल चार आकडी होऊन तारीख दोन अक्षरांनी रुंद होईल, तेव्हा छापील बिलाचे रकाने सरकवून घ्या. बिल नंबरात '९९' असं साल मजकूर म्हणून घातलं असेल, तर नवी बिलं यादीत सर्वांत वर जातील. तिथे साल चार आकडी करून इंडेक्स (नोंदींची क्रमवारी) नव्याने बांधावा लागेल.