जर्मनी फुटला कसा, जुळला कसा: तुमचे प्रश्न आणि उत्तरं

३ ऑक्टोबर म्हणजे जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, त्या निमित्ताने तुमच्याकडून प्रश्न मागवले होते. इनबॉक्स भरला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यात फक्त "हिटलर जिंकला असता तर?" एवढंच होतं ते बाजूला ठेवलेत, राग मानू नका.

नाशिकहून एक वाचक: नकाशात बर्लिन पूर्व जर्मनीच्या पोटात दिसतं. मग भिंत बर्लिनमधून कशी? बॉर्डर तिथून जात होती का?

नाही, आणि हा गोंधळ खूप जणांचा होतो. दोन जर्मनींची खरी बॉर्डर बर्लिनपासून दीडशेहून जास्त किलोमीटर पश्चिमेला होती. १९४५ला युद्ध संपल्यावर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशियाने देशाचे चार झोन करून वाटून घेतले, त्यात बर्लिन आलं रशियाच्या झोनमध्ये, पण राजधानी एकट्या रशियाला कोण सोडणार, म्हणून शहराचेही चार सेक्टर पाडले. सुरुवातीला चौघं मिळून कारभार बघणार असं ठरलं होतं, ते फार टिकलं नाही. जून १९४८ला तिघा पश्चिमवाल्यांनी आपल्या भागात नवीन चलन आणलं, डॉइच मार्क, आणि स्टालिनने लगेच पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे सगळं बंद करून टाकलं. वीस लाखांच्या वर माणसं आत अडकलेली. मग जवळपास वर्षभर विमानाने सामान पोचवलं, एकूण साधारण २३ लाख टन, आणि त्यातला बराचसा भाग अन्नाचा नाही तर कोळशाचा होता, हे वाचून मला पहिल्यांदा खरंच वाटलं नव्हतं. मे १९४९ला स्टालिनने नाकाबंदी उठवली, त्याच महिन्यात पश्चिम जर्मनी आणि ऑक्टोबरात कम्युनिस्ट पूर्व जर्मनी असे दोन देश झाले.

आता भिंत. १९५२ला पूर्वेने मोठी बॉर्डर तारा लावून बंद केली, पण बर्लिनमध्ये मात्र लोकल पकडून पूर्वेतून पश्चिमेत जाता यायचं. १९४९ ते १९६१ मध्ये २७ लाखांच्या आसपास लोक निघून गेले आणि त्यात तरुण जास्त, डॉक्टर, इंजिनियर, कसबी कामगार. देश असाच रिकामा होत राहिला असता. म्हणून १३ ऑगस्ट १९६१च्या पहाटे तारा लागल्या, मागून भिंत आली. ती पश्चिम बर्लिनच्या चहूबाजूंनी होती, १५५ किलोमीटर, म्हणजे कुंपण पश्चिम बर्लिनला आणि कोंडलेले मात्र कुंपणाबाहेरचे! गंमत म्हणजे पश्चिमेच्या काही मेट्रो लाईन पूर्वेच्या खालून जायच्या, त्यांच्या गाड्या तिथल्या बंद केलेल्या स्टेशनांमधून न थांबता निघून जायच्या, प्लॅटफॉर्मवर फक्त बंदूकवाले गार्ड.

ठाण्याची एक कॉलेज स्टुडंट: ऑस्ट्रियाचेही चार तुकडे केले होते ना? मग तो देश का नाही फुटला?

छान प्रश्न. हो, ऑस्ट्रियाचेही चार झोन होते आणि व्हिएन्नाचेही सेक्टर होते. फरक दोन. एक म्हणजे तिथे १९४५ पासूनच अख्ख्या देशाचं एकच सरकार होतं आणि चौघांनी ते मानलं होतं, जर्मनीत असं मध्यवर्ती सरकारच उरलं नव्हतं. दुसरं, ऑस्ट्रिया लहान, त्यामुळे १९५५ला "आम्ही कुठल्याच गटात जाणार नाही" असं कबूल करून सगळ्यांचं सैन्य बाहेर काढता आलं. स्टालिनने मार्च १९५२ला तटस्थ, एकत्र जर्मनीची ऑफर पाठवली होती खरी, पण पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर (सरकारचे प्रमुख) आडेनावर आणि पश्चिमवाल्यांना तो डाव वाटला. मला वाटतं त्यांचं चुकलं नाही, कारण रुर खोऱ्यातला कोळसा-पोलाद आणि कोट्यवधी माणसं असलेला देश कुठल्याच बाजूला नको, हे त्या काळात कोणालाच झेपलं नसतं. यावर इतिहासकार अजून भांडतात.

पुण्याहून: भिंत एका प्रेस कॉन्फरन्समधल्या चुकीमुळे पडली असं व्हॉट्सअॅपवर आलं होतं. खरंय का?

अर्धं खरं. ९ नोव्हेंबर १९८९च्या संध्याकाळी शाबोव्स्की नावाच्या पूर्व जर्मन नेत्याने प्रवासाचे नवे नियम वाचून दाखवले. प्लॅन असा होता की दुसऱ्या दिवसापासून लोकांनी रीतसर अर्ज करायचे, पण तो नीट ब्रीफिंग न घेता आलेला, आणि "कधीपासून?" असं विचारल्यावर कागद चाळत म्हणाला की माझ्या माहितीप्रमाणे लगेच. टीव्हीवर ते पाहून लोक चौक्यांवर धडकले. रात्री साडेअकराच्या सुमाराला बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या चौकीवर हाराल्ड येगर या अधिकाऱ्याने वरून नीट ऑर्डर येत नाही हे बघून फाटक उघडलं.

पण हे सगळं त्याआधीच्या दोन महिन्यांमुळे शक्य झालं. हंगेरीने सप्टेंबरात आपली ऑस्ट्रियाकडची बॉर्डर उघडली तेव्हापासून लोक तिकडून पळतच होते, आणि ९ ऑक्टोबरला पूर्वेतल्याच लाइपझिगमध्ये सत्तर हजारांच्या आसपास लोक रस्त्यावर आले, गोळीबार होईल या भीतीने पोटात गोळा घेऊन आले, आणि गोळी सुटली नाही. माझ्या मते राजवट तिथेच संपली, शाबोव्स्कीने फक्त तारीख ठरवली.

कोल्हापूरहून एक वडील: मुलगी केमनित्झला एमएस करतेय. ती म्हणते तिथले म्हातारे लोक अजून एकीकरणावर कुरकुरतात. स्वातंत्र्य मिळालं, पैसा मिळाला, मग तक्रार कसली?

तुमची मुलगी राहते त्या पूर्वेकडच्या शहराचं नाव १९५३ ते १९९० कार्ल मार्क्स श्टाट होतं, मार्क्सचं ते भलंमोठं डोकं तिने बघितलंच असेल. तक्रार समजायची तर एकीकरण कसं झालं ते बघावं लागतं. पश्चिमेच्या राज्यघटनेत दोन वाटा होत्या: कलम १४६ प्रमाणे दोघांनी बसून नवी घटना करायची, किंवा कलम २३ प्रमाणे पूर्वेने सरळ पश्चिमेत दाखल व्हायचं. निवडली दुसरी. पूर्वेच्या लोकांनीच मार्च १९९०च्या निवडणुकीत तसा कौल दिला, कोणी जबरदस्ती केली नाही, हेही सांगायला हवं. पण त्याचा अर्थ असा झाला की ३ ऑक्टोबरनंतर पश्चिमेत कोणाचंच काही बदललं नाही आणि पूर्वेत कायदे, नोकरी, शाळा, बँक, विमा, सगळं बदललं.

त्याआधी १ जुलैला चलन एक झालं. पगार आणि पेन्शन एकास एक, मोठ्यांच्या बचतीतले ४००० मार्कपर्यंत (साठीपुढच्यांना ६०००) एकास एक, उरलेले दोनास एक. ऐकायला मस्त, लोक खूष, पण पूर्वेच्या कारखान्यांचा माल एका रात्रीत महाग झाला, पोलंड-रशियाची गिऱ्हाइकं गेली, आणि काही महिन्यांत औद्योगिक उत्पादन निम्म्यावर आलं. दुसरा रेट दिला असता तर माणसंच पश्चिमेला निघून गेली असती, म्हणून तेव्हाचे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल यांच्याकडेही फार पर्याय होता असं मी म्हणणार नाही. मग ट्रॉयहांड नावाची सरकारी संस्था, पूर्वेच्या सरकारी कंपन्या खाजगी हातात द्यायला काढलेली. तिच्याकडे सुरुवातीला साडेआठ हजारांच्या आसपास कंपन्या आणि चाळीस लाख कामगार होते, आणि १९९४ अखेर काम आटोपताना बऱ्याच कंपन्या विकल्या गेल्या होत्या नाहीतर बंद पडल्या होत्या, घेणारे बहुतेक पश्चिमेचे. जन्मांचा आकडाच बघा: पूर्वेत १९८९ला जवळपास २ लाख मुलं जन्मली, १९९४ला ८० हजारांच्याही खाली. म्हणजे उद्याचं काय, हेच कोणाला कळत नव्हतं.

श्टाझी या गुप्त पोलिसांच्या फायली १९९२ला लोकांना खुल्या झाल्या, त्यात कोणाला शेजारी सापडला तर कोणाला नवरा. ती राजवट गेली ते बरंच झालं, यावर वाद नाही. पण चाळीशीत बेकार झालेल्या आणि आयुष्यभराच्या अनुभवाला किंमत नाही असं ऐकून घेतलेल्या माणसाला "तुला स्वातंत्र्य मिळालं" एवढंच उत्तर पुरत नाही. पैसा खरंच ओतला गेला, रस्ते आणि जुनी शहरं आज चकाचक आहेत. फक्त ठरवणारे पश्चिमेचे होते.

सोलापूरहून: तेव्हा भारत कोणाच्या बाजूला होता?

दोघांकडे बघून हसत होता म्हणा. पश्चिम जर्मनीशी १९५१ पासून संबंध, राउरकेलाचा पोलाद कारखाना त्यांच्याच मदतीने उभा राहिला. आणि त्यांचा नियम होता की जो पूर्व जर्मनीला मान्यता देईल त्याच्याशी संबंध तोडू, युगोस्लाव्हिया आणि क्युबाशी तोडलेही. त्यामुळे दिल्लीने पूर्वेशी बरीच वर्षं व्यापारावर भागवलं. पुढचे पश्चिम जर्मन चॅन्सेलर विली ब्रांट यांनी हे धोरण मऊ केल्यावर ऑक्टोबर १९७२ला आपण पूर्ण मान्यता दिली.

बऱ्याच जणांचा: मग भारत-पाकिस्तान किंवा दोन कोरिया असे एक होऊ शकतात का?

भारत-पाकिस्तानची तुलना मला पटत नाही. जर्मनी बाहेरच्यांनी तोडला, आतल्या कुठल्याच मोठ्या गटाने वेगळा देश मागितला नव्हता. आपल्याकडे मागितला होता. विषय तिथेच संपतो.

कोरियाची तुलना जवळची आहे, तिथेही १९४५ला अमेरिका आणि रशियानेच ३८व्या अक्षांशावर रेघ मारली. पण दोन जर्मनी एकमेकांशी कधी लढले नाहीत, कोरियात १९५० ते ५३ भयंकर युद्ध झालं. पूर्व जर्मनीत घरोघरी पश्चिमेचा टीव्ही दिसायचा (ड्रेस्डेनकडे सिग्नल पोचत नसे, त्यावरून बाकीचे त्यांची टर उडवायचे), उत्तर कोरियात बाहेरचं काही बघणं गुन्हा आहे. शिवाय पश्चिमेच्या सहा कोटींहून जास्त लोकांनी पूर्वेच्या एक कोटी साठ लाखांना सांभाळलं, तरी एवढा घाम फुटला. दक्षिण कोरियात पाच कोटींच्या वर लोक, उत्तरेत अडीच कोटींच्या आसपास, आणि उत्पन्नातली दरी कितीतरी मोठी. सोलमधले तरुण खर्चाचा हिशेब मांडून नको म्हणतात त्यात नवल नाही, आणि २०२४च्या सुरुवातीला किम जोंग उनने तर एकीकरणाचं ध्येयच सोडल्याचं जाहीर करून टाकलंय.