पाळणाघरांची मागणी आधीच ठरली असेल, तर पाहणी कशी करावी?

तुमच्या संस्थेला सोलापुरातल्या विडी कामगार घरांत मुलांची शाळा का सुटते याची पाहणी करायची आहे, आणि तिच्या जोरावर महापालिकेकडे पाळणाघरं मागायची आहेत. मागणी आधी आणि पाहणी नंतर, इथेच लोक शंका घेणार. म्हणून प्रश्नावली, घरं निवडायची रीत आणि अहवालाची तारीख घरोघर जाण्याआधीच कार्यकारिणीच्या ठरावात लिहून ठेवा. निष्कर्ष आवडला नाही तरी छापणार, हे देणगीदाराला लेखी कळवा. कुरकुरला तर त्याचा पैसा नको, असं माझं मत.

कारखान्याच्या दारात बायका गाठू नका. माल द्यायला येणाऱ्याच सापडतात, काम सोडलेल्या निसटतात. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, गल्लीवार यादी करून दर दहावं घर घ्या. दार बंद असलं तर शेजारी शिरू नका, पुन्हा जा. नकार किती आले तेही अहवालात द्या. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत तर जाऊच नका, कोण भेटणार?

खरी मेख प्रश्नांत आहे. ‘मुलं विड्या वळतात का?’ म्हटलं की ‘नाही’ येणार. कायद्याची धास्ती सगळ्यांनाच. ‘काल शाळेतून आल्यावर मुलीनं काय काय केलं?’ असं विचारा. आणि बऱ्याच घरांत ते तेलुगूतच विचारावं लागेल. मराठी कागद बघून ऐनवेळी तोंडी तेलुगू करणारा कार्यकर्ता दर घरी निराळा प्रश्न विचारतो. आधीच लेखी मसुदा करा आणि तो तिऱ्हाइताकडून परत मराठीत करून घ्या, घोळ लगेच दिसतो. सासू शेजारी असताना पैशाचा विषय नको.

तुलनेला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं (२०१९-२१) जिल्हा पत्रक घ्याल, तर जपून. त्यात पंढरपूर, बार्शीसकट अख्खा जिल्हा आहे.

‘आई विड्या वळते म्हणून मुलगी शाळा सोडते’ हे एकदाच केलेल्या पाहणीतून म्हणता येत नाही. दोन्हींमागे बापाचा बंद पडलेला यंत्रमागही असेल. ब्रिटनच्या मिलेनियम कोहॉर्ट अभ्यासात २०००-०२ मध्ये जन्मलेल्या सुमारे १९,००० मुलांनाच वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा गाठलं जातं. कारणाबद्दल बोलायला तशी माहिती लागते, आणि तरीही सांभाळूनच.

छापताना ‘३० टक्के’ नको, ‘२० पैकी ६ घरं’ लिहा. मागण्या वेगळ्या प्रकरणात ठेवा. पत्रकार परिषदेआधी दोन पानी तेलुगू सारांश घरकुलात वाचून दाखवा. बायका चुका काढतीलच. त्यांचे आक्षेप, नावं वगळून, परिशिष्टात जसेच्या तसे छापा.